बरगडीवरची टिचकी

॥ श्री ॥
फ्लॅट बुश, ऑकलंड
९ मार्च २००८

ति. स्वरूप यांस,
सा. न. वि. वि.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली तरी पत्रात तुमचं नाव लिहायला हात धजत नाही. पाकिटावर लिहिलंय, पोस्टमनपुरतं पुरे.

नातीची बातमी फोनवर दिलीच. बाकीचं फोनवर बोलता येत नाही, कारण फोन दिवाणखान्यात आहे आणि देवव्रतच्या आई, आपल्या विहीणबाई अनुराधाताई, त्याच्या शेजारच्या सोफ्यावर विणकाम घेऊन बसलेल्या असतात. त्यांचं टोपडं संपत नाही आणि आपलं बोलणं सुरू होत नाही. बाळ तुमच्यावर गेलंय. कपाळाला आठी आहे आणि दुधाला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतं. सुरुची उठून-बसून आहे. डिंकाचे लाडू तिला आवडत नाहीत, ते जावईबापू खातात.

आता मुद्द्याचं. जन्मल्या जन्मल्या त्या चिमुरडीच्या दोन्ही मांड्यांत सुया टोचल्या. एक हिपॅटायटिस बीची लस आणि दुसरं विषाणूला लगेच अडवणारं इंजेक्शन. कारण हा विषाणू सुरुचीच्या रक्तात आहे. इथे गरोदरपणी सगळ्यांचंच रक्त तपासतात, त्यात निघाला. आपल्याला घोर नको म्हणून पोरीनं कुणाकडे ब्र काढला नाही. पुढे डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं. देवव्रतला नाही, विहीणबाईंना नाही. मला आहे. माझ्याकडूनच तो सुरुचीला जन्मताना गेला असणार, आणि मला बहुतेक माझ्या आईकडून, असं डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं तो यकृतात बिनबोभाट बसून राहतो म्हणे.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिचं पोट घागरीएवढं झालं होतं. लोक म्हणाले, कुणाचा तरी तळतळाट. मीही तेच धरून चालले होते. परवा डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्यांदा कळलं की तिला आजार झाला होता, नुसता आजार.

विहीणबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून माझं ताट, वाटी, भांडं वेगळं निघालं. चुकून मिसळू नये म्हणून भांड्यांच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाळ माझ्याकडे देताना दोन दुपट्यांत गुंडाळून देतात, जणू मी तापलेला तवा आहे. जेवणाखाण्यातून हे पसरत नाही, असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हा त्या मान डोलवत होत्या.

मला स्वतःला काही होत नाही. पण यकृताचे आकडे वर आहेत म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. तुम्हीही रक्त तपासून घ्या. नाटकाच्या तालमीची सबब चालणार नाही.

लोभ आहे, तो या बातमीनं कमी होऊ देऊ नये.

सौ. मनोरमा

*

॥ श्री ॥
सांगली
२६ मार्च २००८

चि. सौ. मनोरमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा नेमकी प्रमोदिनी घरी होती. धाकटी बहीण असली तरी या घरात टपाल आधी तीच फोडते, हे तू जाणतेसच. मजकूर तिला कळला. लपवायला मला सुचलंच नाही.

मी गडबडून गेलो आहे. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेतल्या हौशी मंडळींना राजाच्या दरबारात कसं उभं राहायचं ते शिकवतो, पण तुझं पत्र वाचून मीच खुर्चीत बसून राहिलो. प्रमोदिनीचं म्हणणं असं की हे चार भिंतींबाहेर जाऊ नये. तिच्या ममताचं लग्न ठरण्याच्या बेतात आहे. मामीच्या रक्तात असलं काही आहे हे पाहुण्यांच्या कानावर गेलं तर उगाच शंका काढतील. तिची भीती अगदीच वावगी आहे असं मला वाटत नाही.

माझा सल्ला ऐक. परक्या देशात, व्याह्यांच्या घरात आहेस. गोडीगुलाबीनं दिवस काढ. वेगळं ताट दिलं तर घे. ताटानं अन्नाची चव बदलत नाही. सुरुचीचा संसार आहे, तिच्या सासूशी वाकडं नको. एप्रिलअखेर परत ये, इथे एका वैद्यांची कीर्ती ऐकली आहे, त्यांना दाखवू. तिकडच्या कापाकापीत पडू नकोस.

रक्ततपासणीचं बघतो. सध्या नाटकात राणीचं काम करणारी मुलगी सोडून गेली आहे, त्या विवंचनेत आहे.

तब्येतीस जप. आठवण आहेच, ती लिहून दाखवत नाही इतकंच.

शुभेच्छुक,
शशिकांत

*

॥ श्री ॥
फ्लॅट बुश
१२ एप्रिल २००८

ति. स्वरूप यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा तेच दिसलं.

तुमचा सल्ला मिळाला, मानला नाही. ताटानं अन्नाची चव बदलत नाही हे ज्यानं लिहिलं त्यानं वेगळ्या ताटात कधी जेवून पाहिलेलं नाही. माझी आई शेवटचे दोन महिने परसातल्या खोलीत पत्र्याच्या थाळीत जेवत होती. ती थाळी मी दारात ठेवून मागे सरायची, कारण मला तसंच शिकवलं होतं. तिच्याजवळ बसू दिलं नाही आणि मीही बसले नाही. ते मी सुरुचीला बघायला लावणार नाही. आज मी गप्प राहिले तर उद्या तेच ताट तिच्यापुढे येईल, कारण आजार तिलाही आहे. सून बाळाला पाजतेय म्हणून अजून सुटलीय एवढंच.

म्हणून काय केलं ते सांगते. विहीणबाई देवव्रतबरोबर सँडरिंगहॅमला वाणसामान आणायला गेल्या होत्या. मी त्यांचीच नेलपॉलिशची बाटली घेतली आणि घरातल्या झाडून सगळ्या ताटांना, वाट्यांना, भांड्यांना, चमच्यांना, कुकरच्या डब्यांनासुद्धा ठिपके दिले. विहीणबाईंच्या चांदीच्या फुलपात्रालाही दिला. रात्री पानं वाढली तेव्हा त्यांनी एकेक ताट उलटं करून पाहिलं. मी म्हटलं, बसा, आमटी निवतेय. सुरुचीला हसू आवरेना, टाके दुखले तिचे. देवव्रत इतके दिवस आई आणि बायको यांच्यामध्ये मिठाच्या बाहुलीसारखा विरघळत होता. त्यानं ताट ओढलं आणि आईला शांतपणे सांगितलं की या घरात यापुढे कुणाचंही भांडं वेगळं निघणार नाही, आणि तिला पटत नसेल तर तिनं परत एकदा डॉक्टरांकडे चलावं, तो स्वतः घेऊन जाईल. विहीणबाई जेवल्या नाहीत. सकाळी मात्र निमूट चहा प्यायल्या. लसही घ्या म्हणून नर्सनं त्यांना सांगितलंय, त्यावर त्या म्हणतात की आमच्या घराण्यात असले रोग नाहीत.

आता माझं. मोठ्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. यकृत किती बिघडलंय ते नीट कळायला बरगड्यांमधून लांब सुई घालून त्याचा तुकडा काढायचा, असं त्यांनी सांगितलं. सुरुचीचेही आकडे बाळंतपणानंतर थोडे चढलेत, तेव्हा तिचंही बघावं लागेल. हे ऐकून ती पांढरीफटक पडली. घरी आल्यावर म्हणाली, मला काही तपासायचंच नाही, काय व्हायचं ते होऊ दे, पोरीला पाजू दे मला.

मी दुसऱ्या दिवशी नर्सला फोन लावला. मेरे नावाची माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, बाई आहे, फोन उचलताना नमस्कार म्हणून कीया ओरा म्हणते. माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं की सुई न घालता बघायची काही सोय आहे का. ती म्हणाली, आहे, नवीन यंत्र आलंय, बरगडीवर बाहेरून टिचकी मारतात आणि ती आत किती वेगानं जाते त्यावरून यकृत किती कडक झालंय ते कळतं. रांग आहे, पण ती डॉक्टरांशी बोलेल. मग तिनं आपणहून सांगितलं की तिच्या आईला आणि दोन मामांना हाच आजार होता. तिचे लोक याबद्दल मोठ्यानं बोलतात, म्हणून तपासायला येतात. मी म्हटलं, आमचे लोक ताटं मोजतात. ती खूप हसली.

डॉक्टर कबूल झालेत. यंत्रानं स्पष्ट कळलं नाही तर सुई आहेच, असंही त्यांनी बजावलंय. जूनमधली तारीख आहे, तोवर मी परत येत नाही. वैद्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि वन्संना सांगा, माझं रक्त मी कुणाच्या लग्नासाठी लपवणार नाही. ममताला माझे आशीर्वाद आहेत, ते तिला बाधणार नाहीत.

लोभ असावा. राग असेल तर तोही कळवावा, पण रक्त तपासल्यावर.

सौ. मनोरमा

*

फ्लॅट बुश
२१ जून २००८

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, आईनं मला हे पत्र लिहू नको म्हणून शपथ घातली आहे. मी ती मोडतेय. तिचीच मुलगी आहे.

बुधवारी आम्ही दोघी हॉस्पिटलला गेलो. काही तास पोट रिकामं ठेवायचं होतं, त्यामुळे मोटरवेवर आई सारखी खाण्याबद्दलच बोलत होती. बाळाला, आनंदीला, देवव्रतनं ऑफिसला सुट्टी टाकून सांभाळलं. सासूबाई आदल्या दिवशी एवढंच म्हणाल्या की बाळाच्या आईनं अशा यंत्रांखाली जाऊ नये, दूध आटतं. आईनं त्यांना विचारलं की दूध भीतीनं आटतं की यंत्रानं. त्या देवघरात निघून गेल्या.

खरं तर मी पार्किंगमध्येच थांबले होते. पाय पुढे पडेना. बाबा, मला आजाराची भीती नव्हती, आकडा कळण्याची होती. आकडा कळला की तो घेऊन घरी जायचं, आणि मग आनंदीकडे बघताना तोच दिसत राहणार. आई जांडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून आली होती, थंडीत, कारण तिचे बूट चावतात. तशीच फटक फटक पुढे चालत गेली. मागे वळून म्हणाली की मी आधी झोपते, तू बघ, दुखलं तर मी ओरडेन, मग तू पळ.

ती पलंगावर उताणी झोपली, उजवा हात डोक्याखाली. नर्स मेरेनं बरगडीवर गार जेली लावली आणि पेनासारखं एक जाडसर टोक टेकवलं. टक् असा आवाज झाला. मग पुन्हा, पुन्हा, दहाएक वेळा. आईनं एकदाच डोळे मिटले. नंतर मराठीत म्हणाली, कॅरम खेळल्यासारखं वाटतंय. मेरेला इंग्रजीत सांगून टाकलं तर तीही हसली. पाच-सात मिनिटांत संपलं. ना सुई, ना कापणं. मग मी झोपले. खरंच नुसती टिचकी असते.

माझा आकडा पाच आला. म्हणजे यकृत मऊ आहे, इजा जवळपास नाही. औषध नको, दर सहा महिन्यांनी रक्त तपासत राहायचं.

आईचा चौदा आला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफीही तेच सांगत होत्या. यकृतात बरेच व्रण साचलेत, सिऱ्होसिस सुरू झालाय. काम अजून व्यवस्थित चाललंय, पण आता वाट बघत बसायचं नाही. रोज एक गोळी, जन्मभर. विषाणू दबतो, पुढची हानी थांबते, कधी कधी व्रण थोडे निवळतातही. आणि कॅन्सरचा धोका असतो म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मी रडायला लागले. आईनं डॉक्टरांना विचारलं की गोळी जेवणाआधी की नंतर.

गाडीत बसल्यावर म्हणाली, तुझा पाच आला ना, झालं तर मग. मला तिच्यावर इतका राग आला बाबा. मी ओरडले की तुझा चौदा मोजायचा नाही का. तेव्हा ती म्हणाली की तिच्या आईचा आकडा कुणी मोजलाच नाही. आपला मोजला म्हणून आता त्याच्याशी भांडता येईल.

घरी येऊन तिनं थालीपिठं लावली. आमच्या दोघींचा रिपोर्ट फ्रीजवर चिकटवला, आनंदीच्या लसीच्या तक्त्याशेजारी. सासूबाईंना दिसावा म्हणूनच.

बाबा, ती तुमच्या पत्राची वाट बघते, हे मात्र ती कधीच सांगणार नाही. आणि तुम्ही रक्त तपासलंत का?

आमच्यावर माया आहेच, ती आता जरा आईकडे जास्त वळवावी.

तुमची,
सुरुची

*

॥ श्री ॥
सांगली
१० जुलै २००८

चि. सौ. मनोरमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुरुचीनं शपथ मोडली, तिला रागावू नकोस. चौदा हा आकडा मी तिच्या अक्षरात वाचला आणि खुर्चीतून उठलो तो सरळ प्रयोगशाळेत गेलो. छत्री, पाकीट, दार लोटून घेणं, सगळं विसरून.

मला विषाणू नाही. कधीकाळी येऊन गेल्याची खूण रक्तात आहे, शरीरानं तो परतवलेला दिसतो. मी डॉक्टरांना विचारलं की माझ्यामुळे तर मनोरमेला झाला नसेल. ते म्हणाले, सांगता येणार नाही, पण मोठ्या वयात झालेला बहुधा निघून जातो, जन्मभर चिकटतो तो बहुधा लहानपणीचा. दोष शोधू नका, असंही म्हणाले. मीच एवढी वर्षं तुझ्याशेजारी निश्चिंत झोपलो आणि तुझ्या आत हे चाललं होतं, त्याचं काय करू ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मार्चमध्ये मी तुला जे लिहिलं ते भेकडाचं लिहिणं होतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही, तू ओळखतेस.

प्रमोदिनी रविवारी आली. बंद खोलीत बोलू म्हणाली. मी म्हटलं, ओसरीवर बोल, मला आता कानगोष्टी ऐकू येत नाहीत. तिनं सुचवलं की ममताच्या लग्नाला वहिनीनं तिकडेच राहावं, प्रकृतीचं कारण सांगता येईल, शोभेल. मी तिला सांगितलं की मुलाकडच्यांना मीच पत्र टाकलंय. पोराचं रक्त तपासा, ममताचंही तपासा, दोघांना लस द्या आणि मग अक्षता टाका, असं लिहिलंय. ती मटकन खाली बसली. दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. ते म्हणाले की त्यांचा थोरला भाऊ यकृतानंच गेला, कशानं ते कुणी शोधलं नव्हतं, आता घरातले सगळे तपासून घेताहेत. लग्न फेब्रुवारीत आहे. ठरलेलं ठरलेलंच आहे.

तालमीतही सांगितलं. सगळे चहा घेत होते. एकानं कप खाली ठेवला. नव्या राणीनं तो उचलून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, सर शिकवताहेत ते दरबारी धैर्य हेच का. पोरगी गुणी आहे.

वैद्यांना तुझा नमस्कार सांगितला नाही. गोळी चुकवू नकोस.

तुझा राग आमच्यावर असाच राहो, त्याशिवाय आम्ही सुधारत नाही.

तुझाच,
शशिकांत

*

॥ श्री ॥
फ्लॅट बुश
३० नोव्हेंबर २००८

ति. स्वरूप यांस,
सा. न. वि. वि.

स्पर्धेत दुसरा क्रमांक आला हे वाचलं. परीक्षकांना कळत नाही, हे तुम्ही दर वर्षी म्हणता, यंदा मीही म्हणते.

आनंदीच्या लशी पुऱ्या झाल्यावर तिचंही रक्त घ्यायचं होतं. नऊ महिन्यांची झाली तेव्हा घेतलं. त्या इवल्या दंडात शीर सापडेना. सुरुची बाहेर जाऊन उभी राहिली, देवव्रत भिंतीकडे बघत राहिला. शेवटी पोरीला धरायला पुढे कोण आलं असेल? अनुराधाताई. घट्ट धरलं, गाणं म्हटलं. मग बघवत नसेल तर बाहेर जा, असं वर मलाच बोलल्या. मी गेले नाही. दोघी आज्ज्या दोन बाजूंनी उभ्या राहिलो.

काल आम्ही सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात होतो तेव्हा सुरुचीचा मोबाइल वाजला. पलीकडून मेरे. सुरुची ऐकत होती आणि तिच्या तोंडाकडे बघून मला काहीच कळेना. मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. मेरे सावकाश, मला समजेल असं बोलली. बाळाच्या रक्तात विषाणू नाही. लस लागू पडली आहे, पुरेपूर संरक्षण आहे.

मी काय केलं ते सुरुची तुम्हाला हसत हसत सांगेलच, त्याआधी मीच सांगते. काउंटरवरच्या गुजराती मुलाला म्हटलं, हा अख्खा पेढ्यांचा ट्रे दे. दुकानात जे कोण होते त्या सगळ्यांना माझ्या हातानं वाटला. एका बाईनं विचारलं, कशाचे पेढे? मी सांगितलं. नुसतं नात बरी आहे एवढं नाही, पूर्ण सांगितलं. मला हिपॅटायटिस बी आहे, लेकीला आहे, नातीला नाही. दोघीचौघी चपापल्या. एकीनं पेढा हातातच धरून ठेवला. विचारणारीनं खाल्ला, आणि मला बाजूला घेऊन हळूच पत्ता विचारला, रक्त कुठे तपासतात त्याचा. मी तिला म्हटलं, हळू नको, मोठ्यानं विचार, बाकीच्यांनाही हवा असेल. हवा होता.

विहीणबाईंनी लसीचा पहिला डोस घेतलाय. मला सांगितलं नाही, दंडावरच्या पट्टीवरून कळलं. मी विचारलं नाही. आमचं अजून भांडण होतं, पण ते आता भाजीत गूळ घालावा की नाही यावरून होतं, आणि त्यात मी हरले तरी चालतं.

माझ्या गोळ्या चालू आहेत. नव्या तपासणीत विषाणू पुष्कळ खाली आलाय. यकृताचा आकडा पुढच्या जूनमध्ये परत बघतील. तो चौदाचा तेरा होईल की तेवढाच राहील, कुणी सांगू शकत नाही. थकवा कधी कधी येतो, मग बसते. रडूही येतं, ते बाळ झोपलं की उरकते.

जानेवारीच्या अखेरीस येते. पुरेशा गोळ्या बरोबर आणीन. वन्संचं पत्र आलं होतं. लग्नात तुम्ही दमू नका, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून राहा, असं प्रेमानं लिहिलंय. त्यांना निरोप द्या, मी खुर्चीवर बसणार नाही. जिलबीची परात माझ्यासाठी राखून ठेवा म्हणावं. ममताच्या सासरच्या पहिल्या पंगतीला मी माझ्या हातानं वाढणार आहे.

लोभ असावा, तुम्ही वाढवलात तर मी नको म्हणणार नाही.

सौ. मनोरमा